अल्झायमर आणि मेंदूचा बांध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात माझं सासर. ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरची सहा वर्षं सासऱ्यांच्या अल्झायमरसोबत काढली. आता महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ बोलायला बोलावतात. तिथे चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न मी वहीत उतरवून ठेवते. पुन्हा पुन्हा येणारे इथे देते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचं काहीही ठरवायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतातच की. याला आजार कशाला म्हणायचं?

आमच्या नानांचंच, म्हणजे सासऱ्यांचंच, सांगते. खारेपाटातल्या जुन्या माणसाला भरतीची वेळ कुठे बघावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, त्या सुमाराला पुरती भरती. हा हिशेब नाना झोपेतसुद्धा करतील. आजार सुरू झाला तेव्हा हिशेब गेला नाही, तिथी गेली. सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत पाच वेळा विचारायचे, “आज तिथी कंची?” सांगितली की पाऊणपट अचूक. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न.

जुनं पाठांतर शाबूत आणि आजची सकाळ कोरी, हे अल्झायमरचं नेहमीचं रूप. नव्या आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग या आजारात लवकर सापडतो. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, कुठला ना कुठला स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा. उरलेल्या ब्याण्णव टक्क्यांची बुद्धी साठीनंतरही जागेवर आहे. म्हणीला एवढं उत्तर पुरे.

रक्त-मेंदू अडथळा म्हणजे काय? मेंदूभोवती पिशवी असते का?

पिशवी नसते. माझ्या विद्यार्थ्यांचाही हाच समज असायचा.

१८८५ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. यकृत, मूत्रपिंड, स्नायू सगळं रंगलं, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूला रंग धरतच नसेल, असं त्यांना वाटलं. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा आणि बाकीचं शरीर कोरं! म्हणजे मेंदूला रंग चढतो, मधे कुणीतरी अडवतं. कोण अडवतं ते दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी दाखवलं, की मेंदूतल्या केशवाहिनीची भिंत हाच तो अडथळा.

केशवाहिनी किती बारीक? सात-आठ मायक्रोमीटर. तांबड्या पेशींना एकीमागून एक, बांधावरून चालल्यासारखं जावं लागतं. आणि अशा सगळ्या वाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर एका डोक्यात सुमारे सहाशे किलोमीटर भरतात. मुंबईहून निघून गोवा गाठावं एवढं अंतर. एवढ्या लांबीभर हा अडथळा पसरलेला आहे.

तुम्ही सारखं ‘खारबंदिस्तीसारखं’ म्हणता. आम्ही घाटावरचे. ते काय असतं?

भरतीचं पाणी खाडीतून भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. त्याला मधे मधे उघाडी असते, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचंच पाणी ती दाबून बंद करतं. कुणी दाराशी उभं राहावं लागत नाही.

बाहेरच्याला तो बांध भिंत वाटतो. आमच्याकडच्याला माहीत असतं, की खेकडे त्यात रोज बिळं करतात, उन्हाळ्यात तडे जातात, उधाणाला माती सुटते, आणि चिखल लिंपणारे हात थांबले की खांड, म्हणजे भगदाड, पडते. बांध उभा असतो तो माणसं त्यावर राबतात म्हणून. रक्त-मेंदू अडथळ्याचं अगदी तसंच आहे. पेशी रोज राबून तो उभा ठेवतात, आणि अल्झायमरमध्ये हे राबणंच विस्कटतं. खांड दिसते ती मागाहून.

उपमा एका जागी तुटते. बांधाला पाणी अडवलं की काम झालं. मेंदूच्या भिंतीला अडवायचंही आहे आणि क्षणाक्षणाला अन्न आतही घ्यायचं आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण प्राणवायूतला वाटा वीस टक्के.

या भिंतीत कोणकोण असतं?

रक्ताच्या बाजूने सुरुवात करू. आधी एंडोथेलियल पेशींचं एकपदरी अस्तर. शरीरात इतरत्र या पेशींमध्ये फटी असतात, मूत्रपिंडात तर चाळणीसारखी भोकं. मेंदूत त्या एकमेकींना शिवलेल्या असतात. शिवणीचे धागे म्हणजे क्लॉडिन-५, ऑक्लुडिन ही प्रथिनं, आणि पेशीच्या आतून त्या धाग्यांना खुंटीसारखं धरून ठेवणारं झेडओ-१. या शिवणीला टाइट जंक्शन म्हणतात. अस्तराच्या बाहेर प्रथिनांची पातळ चटई, त्या चटईत रुतून बसलेल्या पेरिसाइट पेशी, आणि या सगळ्यावर ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशींनी टेकवलेली पावलं. वाहिनीचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग या पावलांखाली झाकलेला असतो.

शिवण इतकी पक्की, मग अन्न जातं कसं? प्राणवायू सरळ पाझरतो. दारू आणि चहातलं कॅफीनही, म्हणून तर दोन्हींचा परिणाम इतक्या लवकर जाणवतो. ग्लुकोजला ग्लट-१ नावाचं राखीव दार आहे. काही अमिनो आम्लांना वेगळं दार, आणि पार्किन्सनवरचं लेव्होडोपा त्याच दाराने घुसतं. खुद्द डोपामाइन मात्र उंबऱ्यावरच अडतं. (आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत हा लेव्होडोपा असतो. म्हणून बिया उकळून कुणाला पाजू नका, मात्रा कोण मोजणार?) शिवाय पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप आहे. नको ते आत आलं, की तो परत रक्तात फेकतो. त्याच्याशी आमचं घरातच एकदा काम पडलं, ते शेवटच्या प्रश्नात.

अमायलॉइड सगळ्यांच्याच मेंदूत तयार होतं म्हणे. मग आमच्याच आईच्या मेंदूत का साचलं?

होतं, सगळ्यांच्याच. मेंदूच्या पेशी एपीपी नावाचं लांब प्रथिन कापतात, त्यातून अमायलॉइड-बीटा हा तुकडा सुटतो. अल्झायमरमध्ये साचतो तो हाच. तुमच्या-माझ्या डोक्यातही आत्ता सुटतो आहे. आनुवंशिक अल्झायमरच्या मोजक्या घराण्यांत तो जास्त तयार होतो. पण म्हातारपणी येणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरमध्ये मोठी अडचण निचऱ्याची दिसते.

निचऱ्याची एक मोठी वाट भिंत ओलांडून रक्तात जाते. एलआरपी-१ हे प्रथिन अस्तराच्या मेंदूकडच्या अंगाला तुकडा पकडतं आणि पेशीतून पलीकडे रक्तात सोडतं. उलट दिशेला रेज नावाचा ग्राही रक्तातलं अमायलॉइड आत ओढतो. आजारात एलआरपी-१ घटतं आणि रेज वाढतं. म्हणजे उघाडीची झडप उलटी बसली. ओहोटीला बंद, भरतीला उघडी! पुढे शेताचं काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा.

दुसरी वाट मेंदूतल्या पाण्याबरोबर वाहून जायची. ॲस्ट्रोसाइटच्या पावलांवर ॲक्वापोरिन-४ नावाचे नळ असतात, ते या वाहण्याला हातभार लावतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये या वाटेला ग्लिम्फॅटिक असं नाव दिलं. अल्झायमरमध्ये हे नळ पावलांवरची जागा सोडून भलतीकडे सरकलेले आढळतात. झोपेत ही सफाई नेमकी किती वाढते यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे, त्यामुळे त्यावर मी छातीठोक बोलत नाही.

आणखी एक. हे तुकडे मुख्यतः दोन लांबींचे असतात. ४२ कड्यांचा जास्त चिकट, तो चेतापेशींच्या मधे गोळे करून बसतो. ४० कड्यांचा मुख्यतः छोट्या धमन्यांच्या भिंतीतच साठतो, आणि भिंत ठिसूळ होते. अल्झायमरच्या बहुतेक रुग्णांत हे थोडंफार सापडतं. काहींना त्यातून बारीक रक्तस्राव होतात. पुढे औषधांच्या प्रश्नात हे लागणार आहे.

पेरिसाइटचं एवढं कौतुक कशासाठी?

मला कॉलेजात पेरिसाइट एका ओळीत शिकवलं होतं आणि मीही पोरांना एका ओळीतच शिकवलं. आता वाईट वाटतं.

फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रूजे यांनी १८७० च्या दशकात या पेशींचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी वाहिनीवर आलेल्या गाठीसारखी दिसते, आणि गाठीतून निघालेली लांब बोटं वाहिनीला धरून बसलेली असतात. शरीरात यांची सर्वांत जास्त दाटी मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात. करतात काय? पहिलं म्हणजे शिवण नीट ठेव असा निरोप अस्तराला सतत देत राहतात. ज्या उंदरांत जन्मापासून पेरिसाइट कमी ठेवले, त्यांच्यात अडथळा गळका निघाला, हे २०१० मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. दुसरं, वाहिनी सैल-घट्ट करून रक्त कुठे किती जाईल ते ठरवतात. तिसरं, अमायलॉइडचे तुकडे गिळून पचवतात.

आता आजारात बघा. २०१९ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने माणसांच्या मेंदूचे बारीक नमुने तपासले. जिथे अमायलॉइड होतं तिथे केशवाहिन्या आवळलेल्या होत्या, आणि आवळलेल्या होत्या त्या नेमक्या पेरिसाइट बसलेल्या जागी. अमायलॉइडमुळे घातक ऑक्सिजन रेणू वाढतात, त्यातून एंडोथेलिन हे आवळणारं रसायन सुटतं, आणि पेरिसाइटची पकड घट्ट होते. वाहिनी किती अरुंद झाली हे ऐकून फारसं वाटत नाही, पण नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. त्रिज्या दहा टक्के घटली की प्रवाह एक तृतीयांशाने घटतो. कॅल्क्युलेटरवर ०.९ चार वेळा गुणून पाहा. रक्त कमी, म्हणजे प्राणवायू कमी. आणि प्राणवायू कमी पडला की एपीपी कापणारी कात्री, बीटा-सेक्रेटेज, आणखी चालते. अमायलॉइड वाढतं. फेरा पुरा झाला.

असा ताण फार दिवस सोसलेली पेरिसाइट पेशी मरते. तिच्या अंगावरच्या पीडीजीएफआर-बीटा या ग्राहीचे तुकडे तुटून मेंदूजलात, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यात, येतात, आणि तिथे मोजता येतात. बांधावरचा गडी आधी आखडतो, मग जातो, आणि मागे फक्त त्याच्या खुणा सापडतात.

सांधे सुटतात म्हणजे पेशी एकमेकींपासून फाटतात का?

फाटलं असं सहसा दिसत नाही, शिवण झिजते. एमएमपी-९ नावाचं कातर-प्रथिन शिवणीचे धागे आणि खालची चटई दोन्ही कुरतडतं. अल्झायमरचा धोका वाढवणारा एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्यात ही कातर मोकाट सुटते, असं उंदरांवरच्या कामातून मांडलं गेलं. पेरिसाइटमध्ये सायक्लोफिलिन-ए वाढतं, त्याने एमएमपी-९ जागं होतं. माणसांत ही साखळी अशीच्या अशी चालते का, याची तपासणी अजून सुरूच आहे.

गळतीला दुसरी वाटही आहे, तिच्याकडे लक्ष कमी जातं. शिवण शाबूत, पण पेशीच स्वतःच्या अंगातून बुडबुड्यांत भरून रक्तातलं सामान पलीकडे टाकते. तरुण मेंदूत हा प्रकार एमएफएसडी-२ए नावाच्या प्रथिनाने दाबून ठेवलेला असतो. उतारवयात तो सैल पडतो. खेकड्याचं बीळ आणि बांधाखालून होणारा झिरपा, दोन्हींचं पाणी शेवटी एकाच शेतात येतं.

आत शिरतं ते आपलंच रक्त. मग त्याने एवढं काय बिघडतं?

प्रश्न चांगला आहे. हा मला एका आठवीतल्या मुलीने विचारला होता.

रक्तात फायब्रिनोजेन असतं. बोट कापलं की त्याचीच जाळी होऊन रक्त थांबतं. हातावर उपकार करणारं तेच प्रथिन मेंदूत शिरलं की तिथल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, त्याला परका समजून खवळतात. खवळलेली मायक्रोग्लिया जवळच्या चेतापेशी जिथे एकमेकींशी जोडलेल्या असतात त्या सांध्यांचे काटे छाटून टाकते. उंदरांत तर अमायलॉइडचे गोळे नसलेल्या जागीसुद्धा फायब्रिनोजेनमुळे असे काटे गेलेले दिसले. आठवण या सांध्यांतच नोंदलेली असते. मग तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं, त्याने पेशींचा आतून गंज चढल्यासारखा ऱ्हास होतो. थ्रॉम्बिन चेतापेशींना थेट विषारी. अल्ब्युमिन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सूज.

खांड पडली की पाणी एका ओहोटीत उतरतं, मीठ मात्र जमिनीत राहतं. दोन-तीन पावसाळ्यांनी धुऊन निघेपर्यंत तिथे भात धड उभा राहत नाही. मेंदूच्या शेताला असा धुवायला पाऊसही नाही.

मेंदूला साखर कमी पोचते असं वाचलं. मग गोड जास्त द्यावं का?

नाही. कमी पडतं ते ग्लट-१ हे दार. अल्झायमरच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांवर ते कमी असतं, हे मागच्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहे. दारं कमी झाल्यावर अंगणात गर्दी वाढवून काय होणार? रक्तातली साखर वाढेल, आणि वाढलेली साखर याच भिंतीला आणखी खाते.

आधी गळती की आधी अमायलॉइड?

इथे मी हात जोडते, कारण शास्त्रज्ञांचंही एकमत नाही.

गळती आधी म्हणणाऱ्यांच्या बाजूला वजनदार पुरावे आहेत. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारं द्रव्य सोडून ते मेंदूत किती झिरपतं हे मोजलं, तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये झिरपणं वयाबरोबर वाढतं आणि विसराळूपणा सुरू झालेल्यांत जास्त असतं, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२० च्या एका अभ्यासात एपीओई-४ असलेल्यांमध्ये ही गळती अमायलॉइड आणि टाऊ (चेतापेशींच्या आत गुंते करणारं प्रथिन) यांच्या पातळीवर अवलंबून नव्हती. दुसरीकडे अल्झायमरचे उंदीर तपासून अडथळा सर्वदूर फुटलेला नाही असं सांगणारे अभ्यासही आहेत. गळती आहे ती झिरपण्याइतकी आणि ठरावीक जागी. पक्षाघातात बांध वाहून जातो, तसं इथे घडत नाही. म्हणून ‘मेंदूची भिंत कोसळली’ असल्या बातम्या वाचल्या की मला चीड येते.

गंमत म्हणजे खुद्द अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेनला ऑगस्ट डेटर या बाईंचा मेंदू मांडला, आणि १९०७ च्या टिपणात गोळे, गुंते यांच्याबरोबर वाहिन्यांच्या अस्तराची वाढ आणि मोठ्या वाहिन्यांचं कठीण होणंही नोंदवलं. पुढे शंभर वर्षं सगळ्यांनी गोळे आणि गुंते उचलले. वाहिन्यांची ओळ तिथेच राहिली.

ही गळती तपासून मिळते का? अलिबागला, पनवेलला?

नेहमीच्या तपासणीत नाही, मुंबईतही नाही. वर सांगितलेला एमआरआय, किंवा पाठीतून मेंदूजल काढून त्यातलं आणि रक्तातलं अल्ब्युमिन ताडून बघणं, हे या आजारात मुख्यतः संशोधनाचं काम. साधा एमआरआय जरूर करावा. त्यात गाठ, जुना पक्षाघात, डोक्यात साचलेलं पाणी दिसतं. त्याच्या आधी बी-१२, थायरॉइड, सोडियम हे रक्त तपासा. विसरण्याची कारणं यांतही सापडतात, आणि ती बरी होतात.

बांधाला भोकं पडलीच आहेत, तर औषध सहज आत जाईल ना?

जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न येतो. उत्तर उलटं आहे. भोकं जिथे आहेत तिथे आजारी मेंदू आहे, आणि उरलेल्या सहाशे किलोमीटरचा बहुतेक भाग अजून पक्का आहे. शिरेतून दिलेल्या प्रतिपिंडातलं मेंदूपर्यंत पोचतं ते रक्तातल्या मात्रेच्या साधारण ०.१ टक्का.

अशा प्रतिपिंडांपैकी लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. दोन्ही अमायलॉइड खरवडून काढतात. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला मोठं वाटतं, पण अठरा गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा. आणि भिंतीतलं अमायलॉइड उपटताना भिंत हलते. त्या चाचणीत औषध घेतलेल्या १२.६ टक्के लोकांच्या एमआरआयवर मेंदूची सूज दिसली, काहींना बारीक रक्तस्राव. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, थोड्यांना मात्र गंभीर झाला. एपीओई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त. भिंतीचा आजार भिंत खरवडून बरा करायला निघालो की असं होणारच, असं माझं मत. तज्ज्ञांना विचाराल तर ते इतकं सोपं करून सांगणार नाहीत.

अडथळा मुद्दाम, मोजून उघडण्याचेही प्रयोग चालू आहेत. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून वरून ध्वनिलहरी रोखतात. बुडबुडे थरथरतात, शिवण काही तास सैल होते आणि पुन्हा बसते. दुसरी युक्ती लोह आत नेणाऱ्या ट्रान्सफेरिनच्या दाराला औषध जोडून ते आत पाठवायची. अल्झायमरसाठी दोन्ही अजून चाचण्यांतच आहेत.

रक्तदाबाच्या गोळीचा अल्झायमरशी काय संबंध?

सरळ संबंध या भिंतीतून. वाढलेला दाब सहाशे किलोमीटरच्या प्रत्येक इंचावर रोज आदळतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने टाळता येण्यासारखी १४ कारणं मोजली, आणि ती सगळी पूर्ण काढून टाकता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील, असा हिशेब मांडला. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ओढणं, वाईट कोलेस्टेरॉल आहे. ऐकू कमी येणं आणि एकटेपणाही आहे. आपल्याकडे मुलगे मुंबईत आणि म्हातारी एकटी ओटीवर, हे दृश्य काही दुर्मीळ नाही.

‘बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते.

सुकी मासळी बंद करू का?

अल्झायमरसाठी म्हणून नको. उंदरांना अतोनात मीठ चारल्यावर त्यांच्या मेंदूच्या अस्तरावर परिणाम होऊन स्मरण बिघडलं खरं, पण ती मात्रा त्यांच्या नेहमीच्या खाण्यातल्या मिठाच्या कितीतरी पट होती. रक्तदाब असेल तर सुकट-बोंबील दोन पाण्यांत भिजवून, पिळून घ्या, वरून मीठ घालू नका, आणि रोजच्या पानात लोणचं-पापड दोन्ही कशाला? पावसाळ्यात कालवणात चार सोडे पडले तर मी स्वतः तरी हरकत घेणार नाही.

खोबरेल तेल, हळद, ब्राह्मी?

रोजच्या स्वयंपाकात आहे तेवढं ठीक. अल्झायमर थांबवतं असा भरवशाचा पुरावा यातल्या कशाचाही नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातूनच नीट शोषलं जात नाही, मेंदूची भिंत तर पुढची गोष्ट. डब्यावर ‘मेमरी’ लिहिलेलं काही विकत घेण्याआधी त्या पैशात आईचे कान तपासून घ्या.

सासऱ्यांना होता. आता माझ्या नवऱ्याला होणार का?

हा मलाही लागू आहे. एपीओई-४ ची एक प्रत असेल तर धोका वाढतो, दोन असतील तर बराच वाढतो, पण अशा लोकांतही ऐंशी-पंचाऐंशीपर्यंत ठणठणीत राहिलेले असतात आणि नसलेल्यांनाही आजार होतो. तिशी-चाळिशीत पिढ्यान्‌पिढ्या येणारा प्रकार वेगळा आणि फार दुर्मीळ. आमच्या घरी आम्ही जनुकाची तपासणी केली नाही. रक्तदाबाचं यंत्र मात्र आणलं.

आजोबा परवापर्यंत बरे होते, आज एकदम कुणालाच ओळखत नाहीत. अडथळा फुटला का?

एका-दोन दिवसांत घडलं तर ते बहुधा अल्झायमरचं पुढचं पाऊल नसतं. लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, पोट साफ नसणं किंवा नवी गोळी, ही कारणं आधी बघावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन.

गोळीचं माझ्याच हातून झालं. नानांना सर्दी झाली. दुकानातून नेहमीची सर्दीची गोळी आणली, चिठ्ठी वगैरे काही नाही. दोन रात्री नाना झोपले नाहीत. भिंतीवरची कालवं काढायला सांगत होते, मला त्यांची थोरली बहीण समजत होते, आणि लघवी तुंबली ती वेगळीच. गोळीच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामिन होतं. हे जुन्या पिढीचं ॲलर्जीचं औषध भिंत सहज ओलांडतं, आणि अल्झायमरमध्ये आधीच घटलेलं ॲसिटाइलकोलिन आणखी दाबतं. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध ज्या रसायनाला वाढवायला बघतं, हे त्याच्याच मुळावर उठतं. फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या औषधाला मघाचा पी-ग्लायकोप्रोटीन पंप दारातूनच परत फेकतो, म्हणून त्याने डोकं सुन्न होत नाही. वीस वर्षं मी हा पंप फळ्यावर काढत होते, आणि पाकीट उलटून बघायचं मला सुचलं नाही.

डॉक्टरांनी गोळी बंद केली, नळी घालून लघवी मोकळी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी ओटीवरून हाक मारली.

“आज तिथी कंची?”

षष्ठी होती.

“साडेचार,” ते म्हणाले.